विद्यापीठात जायचं की नाही, हे कसं ठरवाल?

‘पदवी घेण्यात अर्थ आहे का?’ हा प्रश्न इतका मोघम आहे की त्याला कुठलंही उत्तर चालून जातं. घरातलं कोणी म्हणतं, पदवीशिवाय दारात उभं करत नाहीत. मित्र म्हणतो, बिल गेट्स आणि मार्क झुकरबर्गने तरी कुठे शिक्षण पूर्ण केलं? (दोघांनाही हार्वर्डमध्ये प्रवेश मिळाला होता आणि कंपनी हाताशी असताना त्यांनी ते सोडलं, एवढा तपशील मात्र सांगायचा राहून जातो.) सगळ्यांचं ऐकून घ्या आणि मग स्वतःचा हिशेब मांडायला बसा.

1. आधी प्रश्न नेमका करा

कागदावर एकच वाक्य लिहा: ‘या विद्यापीठात हा अभ्यासक्रम करू, की त्याऐवजी हे दुसरं काम करू?’ विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि दुसरं काम, या तिन्ही जागा भरल्याशिवाय पुढे जाऊ नका. बहुतेकांची तिसरी जागा रिकामी राहते. ‘नाहीतर बघू काहीतरी’ हा पर्याय नव्हे. त्याच्यासमोर कुठलाही अभ्यासक्रम सरसच दिसणार. हातात आलेली नोकरी, घरचा व्यवसाय, एखाद्या कसबी माणसाच्या हाताखाली उमेदवारी, नोकरी करता करता दूरस्थ शिक्षण, किंवा वर्षभर काम करून मग प्रवेश, असं काहीतरी ठोस लिहा. जर्मनीत उमेदवारी हा चांगला रुळलेला मार्ग आहे. तिथे आठवड्यातले काही दिवस कंपनीत आणि काही दिवस व्यावसायिक शाळेत जातात, आणि साधारण दोन ते साडेतीन वर्षांत मान्यताप्राप्त अर्हता पदरात पडते. तुमच्याकडे असं काय आहे, याची चौकशी करायला दोन दिवस द्या.

अभ्यासक्रमाची जागा भरण्याला किती महत्त्व आहे, ते इंग्लंडच्या उदाहरणावरून कळतं. तिथल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज’ने 2020 साली पदवीधरांच्या आयुष्यभराच्या कमाईचा अंदाज काढला. पाचांपैकी साधारण चौघांना पदवीचा आर्थिक फायदा होईल, एकाला मात्र न शिकता जास्त मिळालं असतं, असं त्यात दिसलं. वैद्यक आणि अर्थशास्त्राचा परतावा भरघोस होता, तर सर्जनशील कलांचा सरासरी परतावा शून्याच्या आसपास. म्हणजे ‘पदवी’ नावाची एकच एक वस्तू नसतेच.

2. दाराला कुलूप आहे का?

वैद्यक आणि वास्तुकलेसारख्या व्यवसायांत बहुतेक ठिकाणी कायद्यानेच पदवी लागते. तिथे खल करण्यात अर्थ नाही; तो व्यवसाय हवा असेल तर पदवी घ्यावीच लागेल. बाकीच्या क्षेत्रांत ऐकीव माहितीवर जाऊ नका. तुम्हाला हव्या असलेल्या कामाच्या पंचवीसएक जाहिराती गोळा करा आणि त्यांचे तीन गठ्ठे करा: पदवी अनिवार्य, पदवी असल्यास प्राधान्य, पदवीचा उल्लेखच नाही. मग प्रत्यक्ष त्या पदांवर बसलेली माणसं काय शिकलेली आहेत, ते बघा. जाहिरातीत उल्लेख नसतो, पण घेतलेले सगळे पदवीधर असतात, असंही होतं. परदेशात नोकरी करायचा विचार असेल तर त्या देशाच्या कामाच्या व्हिसाचे नियमही आत्ताच वाचून ठेवा.

3. सगळा खर्च एका मापात मोजा

फी किती, एवढंच बघून लोक हिशेब मिटवतात. खरा मोठा खर्च फीच्या पावतीवर छापलेला नसतो: शिकत असताना न मिळालेला पगार.

मोजायला सोपं माप म्हणजे आज पदवीशिवाय तुम्हाला मिळेल तो एका महिन्याचा पगार. समजा, तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची फी अशा 12 पगारांएवढी आहे. राहण्याचा जादा खर्च 6 पगार. इथे फक्त जादाचाच खर्च धरायचा. जेवण कुठेही राहिलात तरी लागणारच. तीन वर्षांतले सहा महिने काम शोधण्यात गेले असते असं मानलं, तर 30 पगार बुडाले. एकूण 48. त्यातला फीचा वाटा फक्त चौथा हिस्सा.

आता दुसरी बाजू. पदवीनंतर सुरुवातीचा पगार दीडपटीला जरा कमी, म्हणजे 1.4 मिळेल असं धरू. फरक 0.4 चा, म्हणून खर्च 120 महिन्यांत, म्हणजे दहा वर्षांत वसूल. पण थांबा. ज्याने तीन वर्षं काम केलं त्याचाही पगार या काळात वाढला असेल. तो 1.15 झाला असेल तर फरक उरतो 0.25 चा, आणि वसुलीला लागतात 16 वर्षं. फरक 0.8 चा असता तर पाचच वर्षं लागली असती. कर्जावरचं व्याज यात धरलेलं नाही. ते वसुली लांबवतं. उलट अनेक क्षेत्रांत पदवीधर आणि इतर यांच्या पगारातली दरी वयाबरोबर रुंदावते, त्यामुळे काळ कमीही होतो. तुमचे आकडे टाकून बघा. एकदा आशेचे टाका, एकदा कंजूषपणे. कंजूष हिशेबातही जमत असेल तर पैशाच्या बाजूने फारशी चिंता उरत नाही.

4. प्लेसमेंटचे आकडे सोलून बघा

माहितीपत्रकातलं ‘सरासरी पॅकेज’ बघून भुलू नका. दहा विद्यार्थ्यांपैकी नऊ जणांना 3 मिळाले आणि एकाला 53, तर सरासरी 8 येते. आणि त्या वर्गात 8 मिळवणारा एकही जण नसतो. म्हणून मध्यक विचारा: सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा. इथे तो 3 आहे. पुढचा प्रश्न, टक्केवारी कशाची काढली? प्रवेश घेतलेल्या सगळ्यांची, की नोकरीसाठी नाव नोंदवलेल्यांची? मधल्या वर्षात गळालेले, विषय राहिल्यामुळे नाव नोंदवता न आलेले, हे सगळे हिशेबाबाहेर ठेवले की नव्वद टक्के दाखवणं अवघड नसतं. आणि त्या नोकऱ्या अभ्यासक्रमाशी संबंधित होत्या का, हेही विचारा.

कार्यालयातून उत्तर मिळालं नाही तर दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेले चार-पाच विद्यार्थी गाठा. पहिल्या आलेल्याला नव्हे, मधल्या फळीतल्यांना. ‘कसं होतं कॉलेज?’ असं विचारलंत तर आठवणी ऐकायला मिळतील. ‘पहिली नोकरी किती महिन्यांनी लागली आणि ती कोणाच्या ओळखीने?’ असं विचारा.

नावाजलेल्या संस्थेसाठी दुप्पट फी मोजायची की नाही, हाही प्रश्न येतोच. स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी 2002 साली अशा विद्यार्थ्यांची तुलना केली, ज्यांना सारख्याच संस्थांनी प्रवेश देऊ केला होता, पण काही जण कमी नावाजलेल्या संस्थेत गेले. पुढे त्यांच्या कमाईत फारसा फरक दिसला नाही. अपवाद होता कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांचा. त्यांना नावाजलेल्या संस्थेचा फायदा झाला. ओळखीपाळखी ज्यांच्या घरात आधीच नाहीत, त्यांना त्या तिथे मिळत असाव्यात, असं मला वाटतं.

5. पूर्ण कराल का?

याच पायरीवर सगळ्यात कमी विचार होतो. गॅरी बेकरसारखे अर्थतज्ज्ञ म्हणत, शिक्षणाने माणसाचं कौशल्य वाढतं म्हणून पगार वाढतो. मायकेल स्पेन्स यांनी 1973 साली दुसरी बाजू मांडली: पदवी हा मालकाला मिळणारा संकेत आहे, हा माणूस चिकाटीचा आणि हुशार आहे याचा. खरं दोन्हीत असावं, पण वाटा किती यावर वाद आहे. विद्यार्थ्याच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच, की शेवटचं वर्ष पुरं करून पदवी हाती आली की पगारात जी उडी दिसते, ती आधीच्या एकेका वर्षाने मिळणाऱ्या वाढीपेक्षा मोठी असते. म्हणजे शेवटाजवळ येऊन सोडणाऱ्याच्या डोक्यावर खर्च जवळपास पूर्ण आणि हाती फायदा मात्र बराच कमी.

म्हणून प्रवेशाआधी चाचणी घ्या. पहिल्या वर्षाचं एक मुख्य पाठ्यपुस्तक ग्रंथालयातून आणा, दोन प्रकरणं वाचा आणि त्याखालचे प्रश्न सोडवा. मग शेवटच्या वर्षाचा अभ्यासक्रम काढून विषयांची नावं वाचा. मानसशास्त्र घ्यायला निघालेले अनेक जण तिथे संख्याशास्त्र बघून दचकतात. दचकायला हरकत नाही, पण फी भरण्याआधी. कंटाळा आला तरी नेटाने वाचवतंय का, हे बघायचं. आवड तर पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच असते.

6. कर्ज

हप्ता पगाराशी बांधलेला आहे की ठरलेला, हे पहिलं विचारा. ऑस्ट्रेलियात 1989 पासून फीचं कर्ज उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर गेल्यावरच फेडायला लागतं; तिथे नोकरी लागायला उशीर झाला तरी गळ्याशी येत नाही. ठरलेला हप्ता असेल तर तो चौथ्या पायरीतल्या मध्यक पगारातून जाऊन महिना निघतो का, ते बघा. जामीन कोण आहे आणि हप्ता थकला तर त्याच्यावर काय येईल, हेही त्या माणसाला समोर बसवून बोला.

7. पैशापलीकडचं

प्रयोगशाळा, ग्रंथालय, वेगळ्या घरांतून आलेले मित्र, चार वेळा मत बदलायला मिळणारा वेळ: यांना किंमत आहे. पण ‘अनुभव मिळेल’ एवढंच कारण उरलं असेल तर तो अनुभव कमी खर्चात कुठे मिळतो, ते आधी शोधा. आणि केवळ चार लोक काय म्हणतील म्हणून जात असाल, तर फी ते चार लोक भरणार नाहीत.

8. मागे फिरायची अट आधीच लिहा

निर्णय झाला की त्याच कागदावर फेरविचाराची तारीख टाका. पहिलं वर्ष संपताना टाकलेली बरी. त्या दिवशी ‘इतके पैसे घातलेत’ हे वाक्य बाजूला ठेवायचं, कारण गेलेला पैसा दोन्ही वाटांवर गेलेलाच असतो. इथून पुढे किती खर्च आणि त्यातून काय मिळेल, एवढंच मांडा. पहिल्या वर्षाअखेरी हा हिशेब सोडून देण्याच्या बाजूने जाऊ शकतो. शेवटचं सत्र उरलं असेल तर तो सहसा पूर्ण करण्याच्याच बाजूने जातो: खर्च काही महिन्यांचा आणि हाती येणार आख्खी पदवी.