म्हापशात बसून आल्प्सचा बर्फ कसा बघायचा

शिगम्याच्या सुट्टीत स्कीइंगला जायचंय ना, मग आधी एक डोक्यात ठेवा, बर्फाच्या जाडीचा आकडा एक नसतो, दोन असतात, खाली गावातला आणि वर टोकावरचा. पणजीत ऊन आणि चोर्ला घाटात धो धो पाऊस, तसंच ते. स्वित्झर्लंडचं झरमॅट गाव साधारण १६०० मीटरवर पण लिफ्ट (म्हणजे तारेवरचा पाळणा) जाते ३८८३ पर्यंत, म्हणून तिथे वर उन्हाळ्यातसुद्धा स्कीइंग चालतं. फ्रान्सचं व्हॅल थोरन्स तर गावच २३०० वर.

नुसती जाडी बघून बुकिंग करू नका हो, शेवटचा बर्फ कधी पडला ते बघा. दोन मीटर आहे पण तीन आठवडे जुना, तर काय कामाचा, शिळ्या बांगड्यासारखा! मार्च-एप्रिलात सकाळी कडक, दुपारी ऊन लागलं की नुसता चिखल, त्यामुळे उत्तरेकडचे उतार धरा, तिथे ऊन कमी म्हणून बर्फ टिकतो. वारा जास्त असला तर वरच्या लिफ्ट बंद ठेवतात, तेही आदल्या रात्री चेक करा.

आणि हिमस्खलनाचा धोका १ ते ५ मध्ये देतात. ३ दिसला की आखलेल्या वाटेबाहेर अजिबात जायचं नाही, ३ म्हणजे मधलाच की असं वाटतं खरं, पण तो चांगलाच धोक्याचा असतो.