एडिनबरातील ‘द कॉल’ हे युद्धस्मारक कसे पाहावे

पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या स्कॉटिश सैनिकांसाठी अमेरिकेतील स्कॉटिश वंशाच्या लोकांनी स्कॉटलंडला भेट म्हणून दिलेले ‘द कॉल’ हे स्मारक एडिनबराच्या वेस्ट प्रिन्सेस स्ट्रीट गार्डन्समध्ये १९२७ पासून उभे आहे. बहुतेक पर्यटक त्यापुढे एक फोटो काढून किल्ल्याची वाट धरतात. खरे तर या स्मारकासाठी अर्धा तास तरी राखून ठेवावा.

वेव्हर्ली स्थानकातून बाहेर पडून प्रिन्सेस स्ट्रीटने पश्चिमेकडे चालावे आणि ‘द माउंड’ हा चढाचा रस्ता ओलांडून, फुलांच्या घड्याळाजवळून बागेत शिरावे. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. मात्र अंधार पडायच्या सुमारास दारे लावून घेतात आणि डिसेंबरात तिथे चार वाजायच्या आतच सूर्य मावळतो, म्हणून हिवाळ्यात दुपारच्या जेवणाआधीच जाऊन यावे.

स्मारकापुढे आल्यावर त्यावर कोरलेला लेख वाचण्याची घाई करू नये. किल्ट हा स्कॉटिश पुरुषांचा घागऱ्यासारखा पोशाख घातलेला, मांडीवर आडवी बंदूक घेऊन बसलेला ब्राँझचा तरुण मान वर करून कुठेतरी पाहतो आहे. आधी त्याचा चेहरा नीट न्याहाळावा, मग त्याच्याकडे पाठ करून त्याची नजर जाते तिकडे पाहावे. समोर खडकावर किल्ला दिसतो. त्या किल्ल्यातले राष्ट्रीय युद्धस्मारकही १९२७ मध्येच खुले झाले.

आता मागच्या भिंतीवरचा उठावशिल्पाचा लांब पट्टा पाहावा. पुढे बॅगपाइपवाले चालले आहेत आणि त्यांच्यामागून निरनिराळ्या धंद्यांतली माणसे भरतीला निघाली आहेत. वाजंत्र्यांपासून सुरुवात करून मागे मागे जावे, म्हणजे गणवेशापासून कामाच्या कपड्यांपर्यंतचा उलटा प्रवास घडतो. माझ्या मते खरे शिल्प हेच आहे.

कोरीव लेखातली ओळ, जगलो तर अपराजित जगेन आणि मेलो तर अभिमानाने, मुक्त मरेन अशा आशयाची, युअर्ट अ‍ॅलन मॅकिंटॉश या कवीची आहे. सीफोर्थ हायलँडर्स पलटणीतला हा अधिकारी नोव्हेंबर १९१७ मध्ये कांब्रेच्या लढाईत वयाच्या २४ व्या वर्षी मारला गेला. आपल्याकडच्या वाचकांना एक जोड सांगण्याजोगी आहे : १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेली ७८ वी हायलँडर्स पलटण १८८१ मध्ये याच सीफोर्थमध्ये विलीन झाली.

येथे सैनिकांची नावे कोरलेली नाहीत, म्हणून ती शोधू नयेत. एखाद्याचे नाव हवेच असेल, तर किल्ल्यावर जावे आणि तिथल्या स्मारकातील नोंदवह्या पाहाव्यात, किंवा कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर आडनाव आणि पलटण घालून शोधावे. खडकीच्या युद्धस्मशानातील नोंदीही तिथेच मिळतात.

परतताना बागेच्या पश्चिम टोकाला लागून असलेल्या सेंट कथबर्ट चर्चच्या आवारात अवश्य जावे. या स्मारकाचा शिल्पकार रॉबर्ट टेट मॅकेन्झी हा कॅनडात जन्मलेला, पेशाने डॉक्टर, आणि युद्धकाळात त्याने जखमी सैनिकांच्या पुनर्वसनाचे काम केले होते. आपले हृदय या स्मारकासमोर पुरावे, अशी त्याची इच्छा होती. १९३८ मध्ये तो वारल्यावर बागेत तशी परवानगी मिळाली नाही, म्हणून ते या आवारात पुरले.