डिस्क फुल झाली म्हणून लॉग उडवताय? आधी या चुका टाळा

रात्री साइट बंद पडते, आपण एसएसएचने (दुरून लॉगिन करून) लिनक्स सर्व्हरच्या आत शिरतो, 'डीएफ -एच' (डिस्क किती भरली ते दाखवणारी कमांड) मारतो आणि समोर १००%. मग सगळे जे करतात तेच मीही केलं होतं, लॉगच्या (सर्व्हरने करून ठेवलेल्या नोंदींच्या) फोल्डरमध्ये जाऊन सगळ्यात जाडी फाइल शोधली, एनजिनएक्स या वेब सर्व्हरचा १८ जीबीचा अ‍ॅक्सेस लॉग होता, डोळे झाकून 'आरएम' (फाइल काढायची कमांड) केला आणि परत डीएफ बघितलं तर आकडा जागचा हललेला नाही! मला वाटलं डिस्कच गंडली.

गंडलं काहीच नव्हतं. आरएमने फक्त फाइलचं नाव जातं, एनजिनएक्सने ती उघडून ठेवलेली असते आणि तो सोडत नाही तोवर जागा अडकूनच राहते, म्हणून तर फाइलींचे आकार मोजणारं डीयू एक सांगतं आणि डीएफ भलतंच. अशा वेळी 'सुडो एलएसओएफ +एल१' मारा (एल कॅपिटल हं), नाव गेलेल्या पण अजून कुणीतरी धरून ठेवलेल्या फाइली दिसतात. एनजिनएक्स असेल तर 'एनजिनएक्स -एस रीओपन' पुरतं, अख्खा सर्व्हर रीबूट करायची गरज नाही. आणि पुढच्या वेळी आरएमऐवजी 'ट्रंकेट -एस ०' वापरा, फाइल तिथेच राहते, फक्त रिकामी होते. लॉगरोटेट (जुने लॉग आपोआप बाजूला काढणारं टूल) लावलंय पण त्याच्या पोस्टरोटेटमध्ये (लॉग बदलल्यावर चालणाऱ्या कमांडमध्ये) रीओपनचा सिग्नलच दिला नाही, तरी हाच घोळ होतो.

दुसरी गंमत म्हणजे जीबी शिल्लक आहेत तरी 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. इथे 'डीएफ -आय' बघा, आयनोड (प्रत्येक फाइलमागे एक लागणाऱ्या नोंदी) संपलेले असतात, बहुतेक वेळा पीएचपीच्या सेशन फाइलींचा लाखांनी ढीग साचलेला असतो. तिथे 'आरएम *' केलं की 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग' म्हणून तोंडावर आपटतो, मग आपण फाइंडकडे (फाइली शोधणाऱ्या कमांडकडे) वळतो आणि खरा धोका इथेच आहे. 'फाइंड . -टाइप एफ -एमटाइम +७ -डिलीट' यात डिलीट कायम शेवटी, कारण फाइंड अटी डावीकडून उजवीकडे तपासत जातं, डिलीट आधी लिहिलं तर सात दिवसांची अट बघायच्या आधीच सगळं साफ. मी अजूनही आधी डिलीट न लावता चालवतो, यादी बघतो, मगच.

परमिशनचा एरर आला की '७७७' (सगळ्यांना सगळी मुभा) ठोकणारे अजून आहेत, त्यांना हात जोडून सांगतो, फोल्डरला ७५५, फाइलला ६४४ आणि ओनर बरोबर, बास. कॉन्फिग बदलल्यावर 'एनजिनएक्स -टी' (कॉन्फिगची तपासणी) केल्याशिवाय रीस्टार्ट नको, एक सेमीकोलन लिहायचा राहिला तरी एनजिनएक्स परत उठत नाही.

आणि हो, जागा करायच्या नादात मायएसक्यूएल डेटाबेसच्या बिनलॉग (बदलांच्या नोंदींच्या) फाइली हाताने उडवू नका, त्यासाठी 'पर्ज बायनरी लॉग्ज' आहे, तेही रेप्लिका (या नोंदी वाचून डेटाबेसची प्रत ठेवणारा दुसरा सर्व्हर) कुठवर पोचलाय ते बघूनच.