बँडसॉवर जाड फळी उभी चिरण्याची रीत

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, दोन-अडीच महिन्यांवर आली की आमच्या गोव्यातल्या फोंडा महालातल्या सुतारशाळांत मखरांची, चौरंगांची आणि देव्हाऱ्यांची कामे एकदम येतात, आणि १२ मिलिमीटर जाडीच्या सरळ फळ्या आणायच्या कुठून हा प्रश्न प्रत्येक मेस्ताला, म्हणजे सुताराला, पडतो. वखारीत फणसाची किंवा सागाची फळी मिळते ती बहुधा ३० ते ३५ मिलिमीटरची. ती रंधून १२ मिलिमीटरवर आणणे म्हणजे अर्ध्याहून अधिक लाकूड भुशात घालवणे. तीच फळी कडेवर उभी करून जाडीतून चिरली तर एकीच्या दोन होतात: ३२ मिलिमीटरमधून पात्याच्या वाटेला सव्वा मिलिमीटर गेला तरी प्रत्येक भाग १५ मिलिमीटरहून थोडा अधिक उरतो, आणि दोन्ही अंगांनी दीड-दीड मिलिमीटर रंधल्यावर हवी ती जाडी मिळते. गोल करवतीचे १० इंची पाते जेमतेम ३ इंच खोल जाते आणि ३ मिलिमीटर लाकूड खाते, म्हणून ६ इंच रुंदीच्या फळीसाठी बँडसॉच, म्हणजे वर-खाली दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्याची करवतच, योग्य.

फळी वाकडी चिरली गेली की दोष कधी यंत्राला दिला जातो, तर कधी ढकलणाऱ्या हाताला. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा पात्यात किंवा पाते बसवण्याच्या क्रमात असतो, आणि हा क्रम मागे-पुढे केला की नंतर कितीही पिळे फिरवले तरी काही सुधारत नाही.

पाते निवडताना आधी दातांकडे पाहावे, रुंदीचा विचार नंतर करावा. जाड लाकूड चिरताना निघणारा भुसा दोन दातांमधल्या खाचेत बसूनच बाहेर पडतो. दात बारीक असतील तर ती खाच अर्ध्या वाटेतच भरते, पाते तापते आणि बाजूला सरकू लागते. म्हणून इंचाला ३ दात असलेले, पुढे झुकलेल्या दातांचे पाते घ्यावे. १४ इंची चाकांच्या यंत्रावर अर्धा इंच रुंदीचे पाते पुरते. पाऊण इंची पाते अधिक सरळ चालेल असे वाटते खरे, पण लहान यंत्राच्या चौकटीला त्याला लागणारा ताण पेलत नाही, आणि कमी ताणावर चालणारे रुंद पाते योग्य ताणावरच्या अरुंद पात्यापेक्षा वाईट कापते. साग चिरायचा असेल तर एक पाते हाताशी जास्तीचे ठेवावे, कारण सागात सिलिका असते आणि तिने दातांची धार लवकर जाते.

पाते बसवण्यापूर्वी यंत्राचा प्लग काढावा आणि वरचे व खालचे सगळे गाईड (पात्याला बाजूंनी आणि पाठीमागून आधार देणारे भाग) मागे सरकवून पूर्ण मोकळे करावेत. ही पायरी कंटाळ्यापोटी गाळली जाते आणि मग पाते चाकावर कुठे धावते आहे ते समजतच नाही, कारण त्याला गाईडांनी आधीच एका बाजूला दाबून धरलेले असते. पाते चाकांवर चढवून दात टेबलाच्या दिशेने खाली वळलेले आहेत याची खात्री करावी. उलटे बसवलेले पाते नुसते घासत राहते आणि लाकडातून धूर काढते. नवख्या माणसाकडून हे एकदा तरी होतेच. त्यानंतर ताण द्यावा. यंत्रावरच्या खुणेवर मी भरवसा ठेवत नाही, कारण जुनी स्प्रिंग सैल पडली की ती खूण खोटी ठरते. वरचा गाईड टेबलापासून ६ इंच उंच करून मधोमध पात्याच्या सपाट अंगावर बोटाने बऱ्यापैकी दाबावे. पाते पाव इंचाच्या आसपास सरकले तर ताण ठीक आहे, सहज अर्धा इंच गेले तर कमी आहे.

मग वरचे चाक हाताने फिरवत त्याच्या कलाचा पिळा हळूहळू वळवावा आणि पात्याच्या खाचांचा तळ चाकावरच्या रबरी पट्टीच्या मधोमध आणावा. पाते फेन्सला (फळी टेकवून सरळ ढकलण्यासाठी टेबलावर असलेल्या आडोशाला) समांतर न जाता एका अंगाला ओढले जाते, त्यावर अनेक जण फेन्सच तिरका लावण्याचा उपाय करतात. तो चालतो, पण पाते बदलले की तिरकेपणाही बदलतो आणि मोजमाप पुन्हा करावे लागते. खाचांचा तळ चाकाच्या मध्यावर आणल्यास चांगल्या धारेचे पाते बहुधा सरळच जाते आणि फेन्सला हात लावावा लागत नाही, म्हणून मला हीच रीत पटते. एवढे करूनही पाते ओढत असेल तर फेन्स तिरका करण्याआधी दातांची धार तपासावी. एका बाजूचे दात बोथट झालेले पाते दुसऱ्या बाजूकडे वळतेच.

आता गाईडांची पाळी. बाजूचे गाईड खाचांच्या किंचित मागे, दातांना न लागतील असे आणावेत आणि पाते व गाईड यांच्यामध्ये कागदाचा एक कपटा सरकेल इतकीच फट ठेवावी. पाठीचे बेअरिंग पात्यापासून अर्ध्या मिलिमीटरहून कमी अंतरावर असावे: यंत्र नुसते चालू असताना ते फिरता कामा नये, आणि लाकूड पुढे ढकलले की लगेच फिरू लागावे. टेबलाखालचे गाईडही तितक्याच काळजीने लावावेत. वाकून पाहावे लागते म्हणून ते नेहमी उपेक्षित राहतात. शेवटी पात्याला गुण्या लावून टेबल काटकोनात आणावे.

लाकडाची तयारी यानंतर. फळीचे एक तोंड आणि एक कड रंधून एकमेकांशी काटकोनात आणावी. ती कड टेबलावर बसते, ते तोंड फेन्सला टेकते. मूळ फेन्स बुटका असेल तर त्याला प्लायवूडची ४ ते ५ इंच उंचीची पाटी जोडावी. जुने लाकूड असेल तर आणखी एक काम आहे, आणि ते मी किंमत मोजून शिकलो. पाडलेल्या घरातली फणसाची चौकट चिरायला घेतली होती, वरून लोहचुंबक फिरवून पाहिले, काही लागले नाही. चार-पाच इंच आत गेल्यावर एकच ठिणगी उडाली आणि नव्या पात्याचे दात ओळीने गेले. फळी उघडून पाहतो तर डोके नसलेला खिळा आत रुतलेला, आणि त्याच्याभोवती रुपयाएवढा निळसर काळा डाग. लाकडातला टॅनिन आणि गंजलेले लोखंड यांच्या संयोगाने असा डाग पडतो. चौकटीच्या तोंडावर त्याची अंधुक छटा आधीही होती. मी ती मळ समजलो होतो. तेव्हापासून असा डाग दिसला की तिथे छिन्नीने उकरून पाहिल्याशिवाय पुढे जात नाही.

चिरताना वरचा गाईड फळीच्या वर पाच-सहा मिलिमीटरच ठेवावा. फळीला फेन्सकडे दाबायचे ते पात्याच्या आधी. पात्यापाशी किंवा त्याच्या पुढे दाबल्यास चिरलेली वाट मिटते आणि पाते अडकते. ढकलण्याची गती डोळ्यांपेक्षा कानाने ठरवावी: मोटरचा आवाज एकसारखा राहिला पाहिजे, तो खाली बसू लागला की हात आवरावा. माझ्या दीड अश्वशक्तीच्या यंत्रावर साडेतीन फूट लांब आणि ६ इंच रुंद फणसाची फळी चिरायला दोन मिनिटे लागतात. पावसात संध्याकाळी व्होल्टेज उतरते तेव्हा मी हे काम काढतच नाही. शेवटचे अर्धा फूट लाकूड ढकलकाठीने पुढे न्यावे. पात्याच्या ओळीत अंगठा कधीही नसावा, कारण पाते बाहेर पडताना अडथळा अचानक संपतो आणि हात झोकात पुढे जातो. हातमोजे घालू नयेत, नाकावर मास्क मात्र असावा. सागाच्या भुशाने काहींच्या अंगाला खाज सुटते.

चिरलेली तोंडे मधोमध फुगीर किंवा खोलगट निघाली, म्हणजे पात्याने आतल्या आत पोट काढले, तर ताण कमी आहे, धार गेली आहे किंवा ढकलण्याची घाई झाली आहे. पाहावे याच क्रमाने. माडाचे लाकूड याला अपवाद समजावे, कारण ते बाहेरून घट्ट आणि आतून मऊ असल्याने नीट लावलेले पातेही मऊ अंगाकडे सरकते. ते मी सावकाश आणि जास्त जाडी राखूनच चिरतो.

फळीच्या आतला ओलावा बाहेरच्यापेक्षा वेगळा असतो, म्हणून चिरल्यावर दोन्ही भाग काही तासांत वाकू लागतात. गोव्यात पावसाळ्यात हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास राहिली की उघड्यावरच्या लाकडातला ओलावा १७-१८ टक्क्यांवर स्थिरावतो आणि हिवाळ्यात तेच लाकूड पुन्हा आकसते. चिरलेल्या फळ्या लगेच रंधू नयेत. सारख्या जाडीच्या पट्ट्या दीड-दीड फुटावर, एकावर एक सरळ रेषेत येतील अशा ठेवून फळ्या रचाव्यात, वर जड वजन ठेवावे आणि दोन-तीन आठवडे घरातल्याच हवेत राहू द्यावे. तोवर पात्याचा ताण सैल करून ठेवावा आणि टेबलाच्या बिडावर मेणाचा हात फिरवावा. आमच्याकडे जूनमध्ये एका रात्रीत त्यावर तांबूस थर चढतो.