सहीवर भाळू नका: सुरुवातीच्या टीव्हीचे कागद जमवताना या चुका टाळा

जुन्या टीव्ही कंपन्यांची शेअर सर्टिफिकेटं, चेक, करारपत्रं नाशिकमध्ये बसून जमवायची तर वाटा दोनच. एक म्हणजे परदेशी ऑनलाइन लिलाव, दुसरी जुन्या वाड्यांच्या माळ्यावरच्या ट्रंका. दोन्हीकडे माणूस फसतो तो एकाच कारणाने. तो आधी सही बघतो आणि कागद मागाहून. हा क्रम उलटा हवा.

सगळ्यात महाग पडते ती छापील सही. सर्टिफिकेटच्या तळाशी अध्यक्ष आणि सचिवाच्या ज्या ऐटदार सह्या दिसतात, त्या बहुतेक वेळा मजकुराबरोबरच छापलेल्या असतात. हाताने केलेली असते ती कोपऱ्यातली, हस्तांतरण करणाऱ्या बँकेच्या कारकुनाची. तिला बाजारात फारशी किंमत नाही. अमेरिकन संशोधक फिलो फार्न्सवर्थने १९२७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक टीव्हीचं चित्र पाठवून दाखवलं, म्हणून त्याच्या नावाच्या कंपनीच्या सर्टिफिकेटवर त्याचीच सही असणार असं धरून लोक बोली लावतात. पण फार्न्सवर्थ टेलिव्हिजन अँड रेडिओ कॉर्पोरेशनचे अध्यक्ष होते ई. ए. निकोलस. फार्न्सवर्थकडे संशोधनाचं काम होतं. सर्टिफिकेटची मागची बाजू मात्र नक्की बघा. शेअर विकताना मालक तिथे स्वतः सही करायचा, आणि मालक कुणी नावाजलेला असेल तर खरी चीज तिथेच सापडते.

ओळखायचं कसं? दहापट भिंग घ्या आणि मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरपा मारा. पेनची शाई धाग्यांत मुरते, रेघ रेघेवरून जाते तिथे गडद होते, दाब जास्त असेल तर मागे वळ उठतो. छापील सहीत एक तर बारीक ठिपके दिसतात, नाहीतर सगळी रेघ एकाच जाडीची आणि एकाच रंगाची. रबरी शिक्क्याच्या सहीला कडेला शाईची किनार येते. नक्षीकाम कोरीव ठशाचं असेल तर शाई बोटाला किंचित उंच लागते, आणि ही पारख नाशिकरोडला फुकट मिळते. तिथल्या नोटा-स्टॅम्प छापणाऱ्या सरकारी प्रेसमध्ये नोकरी केलेले एखादे काका गाठा. नोटा आणि स्टॅम्प हाताळण्यात आयुष्य गेलेल्या माणसाच्या बोटांना जे कळतं ते लिलावाच्या फोटोत कधीच दिसत नाही.

मग तारखा जुळवा. अमेरिकेतल्या चार्ल्स फ्रान्सिस जेनकिन्सने १९२५ मध्ये टीव्हीचा प्रयोग दाखवला, पण जेनकिन्स टेलिव्हिजन कॉर्पोरेशन निघाली १९२८ मध्ये आणि तो वारला १९३४ मध्ये. ब्रिटनमधला टीव्हीचा संशोधक जॉन लोगी बेअर्ड १९४६ मध्ये गेला. त्यानंतरच्या तारखेच्या कागदावर त्यांची सही असेल तर ती खोटीच. अमेरिकेत बॉलपेन दुकानात मिळू लागलं ते १९४५ च्या अखेरीस, म्हणून १९३० च्या पत्राखाली बॉलपेनची सही दिसली की पुढची चर्चाच नको. नोटा तपासायच्या यूव्ही दिव्याखाली कागद निळसर पांढरा चमकला तर तो बहुधा १९५० नंतरचा. चमकला नाही म्हणजे खराच, असं मात्र नाही.

सर्टिफिकेटला भोकं पाडलेली असली तर बिचकू नका, ती रद्द केल्याची खूण आहे. भोकं बुजवलेला कागद मात्र घेऊ नका.

आपल्याकडच्या कागदांच्या गोष्टी वेगळ्या. दिल्लीत प्रायोगिक प्रसारण १५ सप्टेंबर १९५९ ला सुरू झालं, मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला, आणि १ एप्रिल १९७६ पर्यंत टीव्ही आकाशवाणीचाच भाग होता. त्यामुळे १९६८ चा करार दूरदर्शन महासंचालनालयाच्या लेटरहेडवर असेल तर शंका घ्या. मानधनाच्या पावतीवर रेव्हेन्यू स्टॅम्प असतो आणि सही त्याच्यावरून आडवी, अर्धी स्टॅम्पवर नि अर्धी कागदावर. तिकिटं जमवणारी मंडळी तो स्टॅम्प पाण्यात भिजवून सोडवतात आणि सहीचे दोन तुकडे करतात. कागद विकत घेताना स्टॅम्पच्या कडेवर भिंग धरा. रेघ कडेपाशी तुटून पुढे जरा सरकलेली दिसली, तर स्टॅम्प उचकटून परत चिकटवलाय.

आणखी एक. कलाकाराकडची त्याची स्वतःची प्रत घ्यायला हरकत नाही, पण ऑफिसच्या फायलीतून सुटलेलं मूळ पान हे सरकारी अभिलेख असू शकतं. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यानुसार असे केंद्र सरकारचे कागद परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. मागे जावक क्रमांक आणि दोरी ओवायचं भोक दिसलं, तर विक्रेत्याला कागद कुठून आला ते विचारा. उत्तर टाळलं तर सोडून द्या, कितीही हात शिवशिवले तरी.

जपण्यात होणाऱ्या चुका पावसाळ्यात उघड्या पडतात. सेलोटेप पिवळी पडते, टाचण्या गंजतात, पीव्हीसीची पाकिटं शाईला चिकटतात, आणि कसर लागते ती वेगळीच. पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा, पेटी जमिनीपासून आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब, क्रमांक मागे पेन्सिलीने. उन्हात फ्रेम लावू नका.

लॅमिनेशन करायचंच नाही. कुणी आधीच करून ठेवलं असेल तर इस्त्री फिरवून किंवा टोक धरून सोलायला जाऊ नका, प्लास्टिकबरोबर शाईचा थर निघून येतो. दोन्ही बाजू चांगल्या स्कॅन करून ठेवा आणि कागदांचं जतन करणाऱ्या जाणकाराला दाखवा. तोवर कडाही कापू नका. कडेची कात्री सील उघडते आणि दमट हवा आत शिरते.