बाळाचा लाल डाग आणि न हलणारा हात: दोन्ही उपचार एकत्र कसे सांभाळायचे

माझ्या मुलीचा डावा हात जन्मापासून हलत नव्हता, बाहेर येताना खांदा अडकला आणि मानेजवळच्या नसा ताणल्या गेल्या. त्यात तिसऱ्या आठवड्यात त्याच बाजूला मानेवर लाल ठिपका दिसला आणि बघता बघता माझ्या करंगळीच्या पेराएवढा झाला. नसांचे डॉक्टर वेगळे, त्वचेचे वेगळे, फिजिओ तिसरीच, आणि एकाने काय लिहून दिलंय ते दुसऱ्याला माहीतच नसायचं. ही जुळवाजुळव शेवटी आईबापांनाच करावी लागते, म्हणून कशी करायची ते लिहितेय.

आधी डाग कसला आहे ते डॉक्टरांकडून नक्की करून घ्या, कारण सगळ्या डागांना उपचार लागत नाहीत. पाठीवर, कुल्ल्यावर निळसर करडे डाग असतात त्यांना काहीच करायचं नसतं. जन्मापासून सपाट, वाइनच्या रंगाचा असतो तो पोर्ट वाइन स्टेन, तो आपोआप जात नाही, त्याला लेझर. आणि जन्मानंतर काही दिवसांनी, आठवड्यांनी उगवून भराभर वाढतो तो हेमँजिओमा, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांची साधी, कॅन्सरची नसलेली गाठ. हा सगळ्यात जोरात ५ ते ७ आठवड्यांच्या दरम्यान वाढतो, म्हणून "वर्षभरात जाईल आपोआप, थांबा" असं कोणी सांगितलं तरी डोळ्याजवळ, ओठावर, हनुवटी-गळ्यावर, काखेत किंवा मानेच्या घडीत असेल तर थांबू नका, लगेच दाखवा. बहुतेक वेळा डागाचा आणि हाताच्या नसेचा एकमेकांशी काही संबंध नसतो. पण कमरेखाली मणक्याच्या मधोमध मोठा डाग असेल तर आत मज्जारज्जू तपासतात, अर्ध्या चेहऱ्यावर पसरलेला असेल तर मेंदूच्या रक्तवाहिन्या, हृदय आणि डोळे तपासतात, आणि अंगावर ५ किंवा जास्त असतील तर लिव्हरची सोनोग्राफी करतात. हे तुम्हीच विचारा.

आता औषध. हेमँजिओमाला हल्ली प्रोप्रॅनोलोल नावाचं औषध तोंडाने देतात. ते मुळात हृदयाचं, रक्तदाबाचं औषध, फ्रान्समधल्या डॉक्टरांनी हृदयासाठी दिलं तेव्हा बाळाचा डाग विरायला लागल्याचं त्यांना दिसलं, आणि ते त्यांनी २००८ साली जाहीर केलं. डोस वजनावर ठरतो, साधारण दर किलोला रोज २ ते ३ मिलिग्रॅम, म्हणजे बाळ वाढलं की डोसही परत मोजून घ्यावा लागतो. लहान आणि वरवरचा डाग असेल तर टिमोलोलचे थेंब नुसते डागावर लावतात. दोन्ही एकाच जातीची औषधं आहेत हं, एका डॉक्टरने थेंब आणि दुसऱ्याने पोटातलं असं दोन्ही चालू झालं तर दोघांना सांगायलाच हवं.

प्रोप्रॅनोलोलने साखर खाली जाऊ शकते, म्हणून ते दूध पाजताना किंवा पाजून झाल्याबरोबर द्यायचं. बाळ पीत नसेल, उलट्या-जुलाब असतील तर तो डोस देऊ नका आणि डॉक्टरांना फोन करा. बाळाने ओकून टाकला तर परत देऊ नका, पुढच्या वेळेलाच द्या. सर्दी होऊन छातीत घरघर आली तरी तसंच, थांबवा आणि दाखवा. बाळ गार, घामेजलेलं, उठवूनही उठत नाही असं झालं तर थेट इमर्जन्सीत न्या.

हाताचं बघा. बहुतेक बाळांची नस आपोआप भरून येते पण वेळ लागतो, नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, तोवर सांधा आखडू द्यायचा नाही एवढंच आपलं काम, आणि ते फार मोठं काम आहे. फिजिओने सांगितल्यापासून मी प्रत्येक डायपर बदलताना हा व्यायाम करायचे: बाळ पाठीवर, दंड अंगाला चिकटलेला, कोपर काटकोनात, आणि मग मनगट धरून पुढचा हात हळूच बाहेरच्या बाजूला वळवायचा, दहा आकडे मोजून सोडायचा. ओढायचा नाही. कपडे घालताना तो हात आधी, काढताना शेवटी, आणि काखेत धरून उचलायचं नाही.

इथेच डाग आणि हात एकमेकांच्या मध्ये येतात. हेमँजिओमाची कातडी नाजूक असते, स्प्लिंटचा (हात नीट ठेवायच्या आधाराचा) पट्टा, चिकटपट्टी किंवा आपला अंगठा तिथे घासला की जखम होते. फिजिओला पहिल्याच दिवशी डाग दाखवा म्हणजे ती धरायची जागा बदलून देईल. डागाचा मधला भाग पांढुरका-करडा दिसायला लागला तर ती बऱ्याचदा जखम व्हायची खूण असते, त्याच दिवशी फोटो पाठवा. रक्त आलंच तर स्वच्छ कापड १० मिनिटं दाबून धरा, सारखं उचलून बघू नका.

३ महिन्यांचं झाल्यावर कोपर स्वतःहून वाकवतंय का हे फार महत्त्वाचं, नसेल वाकवत तर नसांच्या सर्जनला दाखवायचं, पहिलं वर्ष संपायची वाट बघायची नाही कारण स्नायू फार काळ नसेविना राहिला की नंतर नस पोचूनही उपयोग होत नाही. पूर्ण हात लुळा आणि त्या बाजूची पापणी खाली आलेली, बाहुली लहान असेल तर ३ महिनेसुद्धा थांबू नका.

भूल द्यायची वेळ आली की सगळ्यात जास्त जपा. आमच्या एमआरआयच्या फॉर्मवर "सध्या चालू औषधं" असा रकाना होता आणि मी "काही नाही" लिहिलं, डागाचं ते औषध हृदयावर चालतं हे त्या घाईत डोक्यातच आलं नाही. नर्सने बॅगेतली सिरिंज बघून विचारलं म्हणून कळलं, नाहीतर सकाळचा डोस दिलेलं बाळ तासन् तास उपाशी राहिलं असतं. भुलेआधी आईचं दूध साधारण ४ तास आणि वरचं दूध ६ तास बंद ठेवतात, म्हणून त्या दिवशीचा डोस द्यायचा का, कधी, हे भूलतज्ज्ञालाच विचारा. औषध आपल्या मनाने बंदही करू नका. आणि हे नक्की विचारा की एमआरआय, लेझर किंवा हाताला बोटॉक्स (स्नायू सैल करणारं इंजेक्शन) द्यायचं असेल तर एकाच भुलेत होईल का, कधी कधी होतं. लेझरनंतर आठवडा-दोन आठवडे जांभळे डाग राहतात, तेवढे दिवस तिथे पट्टा नको, ऊन नको.

या सगळ्यासाठी एकच वही ठेवा. एका पानावर वजन, डोस, वेळ, दुसऱ्यावर हात कुठवर उचलला, कोपर वाकला का. रविवारी त्याच खिडकीत, शेजारी पट्टी ठेवून डागाचा एक फोटो आणि हाताचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. डॉक्टर बदलले तरी ही वही त्यांच्यासमोर उघडायची, तोंडी सांगताना हमखास काहीतरी राहतं.

प्रोप्रॅनोलोल निदान ६ महिने चालतं, डॉक्टर सांगतील तेव्हाच बंद करायचं. बंद केल्यावर डाग थोडा परत फुगू शकतो, आमचाही फुगला होता, परत काही आठवडे औषध चालू केलं मग बसला. हाताचे व्यायाम मात्र आम्ही त्यानंतरही चालू ठेवलेत.