डक्ट स्टेंट बसवलेलं बाळ घरी आणताना

माझ्या लेकीची हृदयातून फुप्फुसाकडे जाणारी वाट जन्मतःच बंद होती. पोटातल्या बाळाला डक्ट नावाची एक नळी असते, ती जन्मानंतर मिटते. माझ्या लेकीच्या फुप्फुसात रक्त त्या नळीतूनच जात होतं. म्हणून अकराव्या दिवशी जांघेतल्या धमनीतून कॅथेटर (बारीक लवचिक नळी) घालून डक्टमध्ये साडेतीन मिलिमीटरचा स्टेंट, म्हणजे नळी उघडी ठेवणारी जाळी, बसवला. मोठ्या ऑपरेशनपर्यंत तो उघडा राहायला हवा.

हॉस्पिटलात असताना दोन्ही पाय हातात धरून बघत राहा. हिचा उजवा पाय रात्री दोनला गार आणि पांढरट लागला. सिस्टरना उठवलं. धमनीत गुठळी झाली होती. हेपारिन हे गुठळीवरचं औषध चालू केल्यावर दुसऱ्या दिवशी बोटांना ऊब आली. जांघेतून रक्त आलं तर बोटांनी घट्ट दाबून धरा आणि हाक मारा. थांबलं का म्हणून सारखं उचलून बघू नका.

घरी ऑक्सिमीटर, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारं मशीन, लागतोच. बाळ शांत असताना, पाय कोमट करून लावा, वरून पायमोजा चढवा आणि आकडा ठरेपर्यंत थांबा. हिचा आकडा ७८ ते ८४. कितीच्या खाली गेला तर निघायचं, ते डिस्चार्जच्या वेळी कार्डावर लिहून घ्या. आकडा नेहमीपेक्षा वर जाऊन बाळ धापा टाकत असेल, दूध पिताना कपाळ घामेजत असेल, तर फुप्फुसात रक्त जास्त जात असू शकतं. तेव्हाही फोन करा.

स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या ॲस्पिरिनचा एकही डोस चुकवू नका. बाळाने ओकून टाकला तर मनाने दुसरा न देता विचारा. घरात कांजिण्या किंवा फ्लू आला तर त्याच दिवशी कळवा. ॲस्पिरिन चालू असलेल्या मुलांना त्यात यकृत-मेंदूचा गंभीर त्रास होऊ शकतो.

मला सगळ्यात जास्त भीती जुलाबांची वाटते. अंगातलं पाणी कमी झालं की रक्त घट्ट होतं आणि स्टेंटमध्ये गुठळी धरू शकते. आषाढात हिला जुलाब लागले. सासूबाई म्हणाल्या, “दात येतायत गं.” मलाही तसंच वाटलं. दुपारी आकडा ६८ दिसला. मशीन माझ्या बोटाला लावून बघितलं, ९८. तशीच तिला उचलली. सलाइन लागल्यावर संध्याकाळी आकडा ७७ वर आला.

त्यामुळे जुलाब, उलटी किंवा दूध नाकारणं दिसलं की संध्याकाळची वाट बघू नका. बाळ काळंनिळं पडलं तर थेट १०८. नव्या डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगा: “डक्ट स्टेंट आहे, ॲस्पिरिन चालू आहे.” कार्डाची झेरॉक्स दुपट्यांच्या पिशवीत कायम ठेवा.